मातृभाषेचा रकाना

गेल्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि आम्ही त्याचे उत्तर टाळले. इंग्रजी विषयात एम. ए., त्यानंतर बी. एड., आणि तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात चार वर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन, ही तिची कमाई. थायलंडमधील एका शाळेसाठी इंग्रजी शिक्षकाचा अर्ज भरताना ती एका रकान्यापाशी अडली होती. 'सर, मातृभाषेच्या जागी मराठी लिहू की इंग्लिश?' इंग्लिश लिहिले तर अर्ज पहिल्या चाळणीत टिकतो, असे तिला नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका दलालाने सांगितले होते. 'तुझ्या मनाला पटेल ते लिही,' असे काहीतरी गुळमुळीत बोलून आम्ही फोन ठेवला. इंग्रजी साहित्य शिकवण्यात उभी हयात घालवणाऱ्या माणसांना एका साध्या रकान्याचे उत्तर का देता येऊ नये, या अस्वस्थतेतून प्रस्तुत लेखन झाले आहे.

आधी व्यवहार काय आहे ते पाहू. थायलंडमध्ये परदेशी शिक्षकाला पदवी लागते, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो, 'नॉन-इमिग्रंट बी' या वर्गातला व्हिसा लागतो, त्यानंतर वर्क परमिट. अध्यापनाचा परवाना देणारी तेथील संस्था म्हणजे 'खुरुसफा'. परवाना नसलेल्यांसाठी शाळा तिच्याकडून तात्पुरती सवलत मिळवते. (हा शब्द दुसरा तिसरा कोणताही नसून आपला 'गुरुसभा' आहे. थाई भाषेत शिक्षक 'ख्रू' असतो, प्राध्यापक 'आचान' असतो, भाषेला 'फासा' म्हणतात. बँकॉकच्या विमानतळावर उतरून 'सुवर्णभूमी' ही पाटी वाचणाऱ्या मराठी प्रवाशाचा ऊर जो भरून येतो, तो शाळेच्या फाटकापाशी रिकामा होतो, इतकेच.) ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडून सहसा टोइक किंवा आयईएलटीएस परीक्षेचे गुण मागितले जातात. येथवर तक्रारीला फारशी जागा नाही. परक्या देशाने आपल्या मुलांच्या शिक्षकाची परीक्षा घ्यावी, हे रास्तच आहे. कायदा भारतीयाला शिकवण्यास मनाई करीत नाही.

मनाई असते ती जाहिरातीत. 'फक्त नेटिव्ह स्पीकर' अशी अट, पुढे देशांची यादी: ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आणि पुष्कळदा दक्षिण आफ्रिका. शेवटचे नाव विशेष बोलके आहे. ज्या देशात घरी इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी, तो देश 'इंग्रजी मातृभाषेचा' कसा ठरतो? यादी भाषेची नाही, पारपत्रांची आहे. आणि ती पारपत्रांचीही पुरती नाही, हे जाहिरातीतील पुढच्या ओळीवरून कळते: 'अर्जासोबत अलीकडचे छायाचित्र जोडावे.' शिकागोत जन्मलेला कृष्णवर्णीय किंवा लेस्टरमध्ये वाढलेली गुजराती मुलगी यादीत बसते, पण छायाचित्रात बसत नाही. अशांचे अनुभव याहून वेगळे नाहीत.

थाई भाषेत गोऱ्याला 'फरांग' म्हणतात. आपला 'फिरंगी' त्याच कुळातला. भारतीयाला, अरबाला, मलयाला 'खेक' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहुणा'. पाहुण्याला जेवू घालतात, त्याच्याकडे मुलांची शिकवणी लावीत नाहीत! फरांगाचा पगार जाहिरातीत तीस ते चाळीस हजार बाट असतो; तेच तास घेणाऱ्या फिलिपिनो शिक्षिकेला पंधरा ते पंचवीस हजार. एकाच शाळेत, एकाच इयत्तेवर.

'नेटिव्ह' या शब्दाने घेतलेली कोलांटउडी मराठी वाचकाने तरी विसरू नये. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात 'नेटिव्ह' म्हणजे आपण होतो. 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' नेटिव्हांना शिकवण्यासाठी होती. 'नेटिव्ह इन्फंट्री'त शिपाई नेटिव्ह आणि अधिकारी गोरे होते. नेटिव्ह म्हणजे ज्याला शिकवायचे तो. आज नेटिव्ह म्हणजे ज्याने शिकवायचे तो, आणि आपण 'नॉन-नेटिव्ह'. शब्दाचा अर्थ पूर्ण उलटला, आपली जागा मात्र हलली नाही.

या सगळ्याचा मूळपुरुष, किंबहुना मूळस्त्री, शोधू गेल्यास आपण थेट अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) येऊन पोहोचतो. थायलंडमधील इंग्रजी शिक्षकांत जगभर सर्वाधिक गाजलेले नाव म्हणजे ॲना लिओनोवेन्स. राजा मोंगकुट (चौथा राम) याने १८६२ मध्ये आपल्या राण्यांना व राजपुत्रांना इंग्रजी शिकवण्यासाठी तिला नेमले; १८६७ पर्यंत ती बँकॉकच्या दरबारी होती. तिच्या वर्गात बसलेला चुलालोंगकोर्न पुढे १८६८ मध्ये राजा झाला. १८७० आणि १८७३ साली तिने आपल्या अनुभवांवर दोन पुस्तके लिहिली, त्यांवरून १९४४ मध्ये मार्गारेट लँडनने कादंबरी लिहिली, तिच्यावरून १९५१ मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका आली आणि १९५६ मध्ये चित्रपट. थायलंडमध्ये तो चित्रपट दाखवू दिला गेला नाही, हे फार योग्य झाले असे आमचे मत नाही, पण त्यामागचा संताप आम्हांस समजतो. रानटी राजाला माणसात आणणारी सुसंस्कृत इंग्रज बाई, हे ते कथासूत्र. मोंगकुट हा सत्तावीस वर्षे भिक्षू राहिलेला, पाली ग्रंथांत मुरलेला, लॅटिन व इंग्रजी शिकलेला, ज्योतिर्गणितात गती असलेला गृहस्थ होता. आपली इंग्रजी पत्रे तो स्वतः लिहीत असे. त्यांतले व्याकरण कुणाही परीक्षकाने लाल शाईने रंगवले असते. पण त्या इंग्रजीत तो साम्राज्यांशी बोलणी करीत होता आणि त्याचे राज्य कुणाची वसाहत झाले नाही.

ॲनाने जगाला सांगितले होते की आपला जन्म १८३४ साली वेल्समधील कारनार्व्हन येथे झाला, माहेरचे नाव क्रॉफर्ड, पती सैन्यातले अधिकारी. जवळजवळ शंभर वर्षे हे खरे मानले गेले. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या एका अभ्यासकाने (तो मूळचा कोळ्यांचा, म्हणजे जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा तज्ज्ञ, हा योगायोग मौजेचा आहे) तिच्या मुलाचे चरित्र लिहिताना हे जाळे उसवले. त्याचे पुस्तक १९७६ मध्ये आले. पुढे सुसान मॉर्गन (२००८) आणि आल्फ्रेड हॅबेगर (२०१४) यांनी उरलेले धागे जुळवले. ॲना एडवर्ड्सचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगरचा. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट, तेही तिच्या जन्माआधीच वारलेले. आजोबा बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत अधिकारी, आजीचे नाव नोंदींत सापडत नाही; ती भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी, असा चरित्रकारांचा तर्क. लग्न १८४९ साली पुण्यात. नवरा अधिकारी नव्हता, कारकून होता; १८५९ मध्ये पेनांगला वारला. दोन मुले पदरात घेऊन ती सिंगापूरला आली, नाव बदलले, जन्मगाव बदलले, भारतातील नात्यागोत्याशी संबंध तोडले, आणि शाळा उघडली.

तिने मातृभाषेच्या रकान्यात खोटे लिहिले असे म्हणता येणार नाही. तिची मातृभाषा इंग्रजीच होती. मोंगकुटने पत्रातून घातलेली मुख्य अट वेगळीच होती: इंग्रजी, विज्ञान आणि साहित्य शिकवा, ख्रिस्ती धर्म शिकवू नका. मिशनऱ्यांच्या बायकांचा अनुभव त्याला आधीच आला होता. त्याला भाषा हवी होती. तरीही ॲनाला कळले होते की अहमदनगरच्या बराकीत जन्मलेल्या सार्जंटच्या मुलीच्या इंग्रजीला जी किंमत येते, तीच इंग्रजी वेल्समध्ये जन्मली असे सांगितल्यावर वाढते. एका शब्दाचाही उच्चार न बदलता! दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या विद्यार्थिनीला दलालाने जे सांगितले ते हेच.

येथे आमचे काही समानशील मित्र तावातावाने म्हणतात, की मग भारताचे नाव यादीत घाला. इंग्रजी ही आमच्या संघराज्याच्या कारभाराची भाषा आहे, आमच्याकडे इंग्रजी साहित्य हा विषय खुद्द इंग्लंडच्या आधी शिकवला गेला (गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली ते सप्रमाण मांडले आहे), आम्ही इंग्रजीत कविता लिहितो, कादंबऱ्या लिहितो. आम्ही नेटिव्ह नाही तर कोण? हा युक्तिवाद आम्हांस साफ नामंजूर आहे. त्यात यादीला विरोध नाही, यादीत शिरकाव करून घेण्याची धडपड आहे. आणि त्याचे पुढचे वाक्य बहुधा असे असते: 'आम्हांला त्या फिलिपिनोंच्या रांगेत बसवतात.' का बसू नये? १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून अमेरिकन शिक्षकांचे तांडे मनिलात उतरले, तेव्हापासून त्यांचे आणि आपले दुखणे एकच आहे. पंक्तीत आपले पान वरच्या बाजूला मांडावे यासाठी भांडणाऱ्याला पंक्तिभेदाविरुद्ध बोलण्याचा अधिकार राहत नाही, हे निदान महाराष्ट्रात तरी कुणाला समजावून सांगावे लागू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पालक पैसे मोजतात, त्यांना हवा तो उच्चार मागण्याचा त्यांना हक्क आहे. ठीक, उच्चाराबद्दलच बोलू. थाई विद्यार्थी शब्दान्तीचा 'ल' हा 'न' करतो, शब्दान्तीचा 'स' हा 'त' करतो, जोडाक्षरे फोडतो, कारण त्याच्या भाषेची ध्वनिव्यवस्थाच तशी आहे. ही गाठ कुठे बसली आहे हे ज्याने स्वतः परक्या भाषेचे ध्वनी घोटून जिभेवर बसवले त्याला आतून कळते. ज्याला ते पाळण्यातच मिळाले त्याला वेगळे शिकावे लागते. तो शिकतो तेव्हा उत्तम शिकवतोही, आमचे त्याच्याशी वैर नाही. पण तो शिकला आहे की नाही, हे जाहिरात विचारतच नाही. पदवी कोणत्याही विषयाची चालते. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये या समजुतीला स्वच्छ शब्दांत भ्रम म्हटले, टेसॉल या शिक्षकांच्या संघटनेने २००६ मध्ये असा भेदभाव निषिद्ध ठरवला. आणि इतकी वर्षे फरांगांना अधिक पगार मोजूनही इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत थायलंड अगदी तळच्या गटात आहे. (ती क्रमवारी एका खासगी कंपनीची आहे, तिच्यावर आमची श्रद्धा नाही, पण बाजाराचा न्याय मागणाऱ्यांनी बाजाराचे मोजमाप तरी मानावे.)

मात्र थाई शाळाचालकाला हे ज्ञान दिले कुणी? आम्ही दिले. इंग्रजी विभागांनी दिले. ध्वनिशास्त्राच्या तासाला इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील मूठभरांचा उच्चार 'प्रमाण' म्हणून कोण घोटून घेते? अरुण कोलटकर कोल्हापूरचे. त्यांच्या 'जेजुरी'ला १९७७ मध्ये राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले. आम्ही ती अभ्यासक्रमात लावतो, तिच्यातील बोलीची सहजता फळ्यावर उलगडून दाखवतो, आणि त्याच आठवड्यात अधिव्याख्याता पदाच्या मुलाखतीला बसून, बीडहून आलेल्या उमेदवाराच्या 'स' आणि 'श'वर एकमेकांकडे पाहून हसतो. त्याच्या कागदावर 'उच्चार सदोष' असा शेरा मारतो. मराठीच्या विभागातले मित्र 'न' आणि 'ण'वरून हेच करीत आले आहेत. तेथे तर मातृभाषा एकच असते. कोणाचा जन्म कोणत्या आळीत झाला हे उच्चारावरून ओळखायचे आणि त्याला गुणवत्ता म्हणायचे, ही विद्या थाई लोकांनी आमच्याकडून घेतली नसेल, पण त्यांना ती विकत घ्यायला बाहेर फार शोधावे लागले नाही.

आमच्या विद्यार्थिनीने रकान्यात 'मराठी' लिहिले. त्या शाळेकडून उत्तर आले नाही. दोन महिन्यांनी, मे महिन्याच्या मध्यावर तेथील सत्र सुरू होताना, ईशान्येकडील एका जिल्ह्याच्या गावी दुसऱ्या शाळेत तिला नोकरी मिळाली. करारावर हुद्दा 'गणित शिक्षिका' असा आहे. आठवड्यातील बहुतेक तास ती तिसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. कारण शाळेने ज्याला इंग्रजीसाठी नेमले होते तो गृहस्थ पहिल्याच महिन्यात निघून गेला. पगार गणिताचा मिळतो, त्यातही 'नॉन-नेटिव्ह' गणिताचा.

तिच्या अर्जासोबत आमचे शिफारसपत्र होते. त्याची प्रत परवा काढून वाचली. तिच्या इंग्रजीबद्दल आम्ही लिहिले होते: 'जवळजवळ नेटिव्ह म्हणावे असे प्रभुत्व.' हे वाक्य गेली वीस वर्षे आमच्या प्रत्येक शिफारसपत्रात आहे. चांगल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही ते राखून ठेवीत होतो.