पाचगणीच्या दिवाणखान्यात केवढा पडदा?

पाचगणीत मोठा टीव्ही घ्यायचा बेत मे महिन्यात ठरतो आणि त्याची परीक्षा जूनपासून सुरू होते. मेमध्ये घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, संध्याकाळी निम्मी मंडळी टेबल लँडवर असतात, टीव्हीकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. पाऊस लागला की भर दुपारी दिवे लावावे लागतात, धुकं खिडकीला येऊन टेकतं आणि घरातली सगळी माणसं एका खोलीत गोळा होतात. नेमकी तेव्हाच वीज बेभरवशाची होते, डिशचा सिग्नल जातो आणि कारागीर घाटाखाली असतो. पुण्या-साताऱ्याच्या दुकानात, झगमगाटात ओळीनं मांडलेल्या पडद्यांसमोर उभं राहून या घरासाठी निवड करणं म्हणूनच जरा फसवं आहे.

प्रश्न ढोबळमानानं असा आहे. भिंतीवर ५५ ते ७५ इंचांचं पॅनेल लावावं, की प्रोजेक्टर किंवा लेझर टीव्ही घेऊन शंभर इंचांचं चित्र पाडावं? दोन्ही बाजूंनी बोलणारी समजूतदार माणसं आहेत.

हा वाद तसा जुनाच आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना घरात खरोखर मोठं चित्र हवं होतं, त्यांच्यापुढे रिअर प्रोजेक्शन टीव्ही हाच त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग होता. काचेची पिक्चर ट्यूब एका मर्यादेपलीकडे वाढवली की तिचं वजन आवरत नसे. म्हणून कपाटाएवढ्या खोक्याच्या तळाशी लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन लहान ट्यूब, मागे तिरका आरसा आणि पुढे पडदा अशी रचना आली. तिन्ही रंग एकमेकांवर नेमके बसवावे लागत. जरा सरकले की अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसे. पुढे ट्यूबच्या जागी डीएलपी चिप आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये घडवलेल्या या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे प्रकाश परतवतात. खोकं सडपातळ झालं, चित्र उजळ झालं. तोवर एलसीडी पॅनेलच्या किमती उतरू लागल्या होत्या. सोनीनं २००८ मध्ये रिअर प्रोजेक्शन टीव्ही बनवणं थांबवलं, मित्सुबिशी २०१२ च्या अखेरपर्यंत टिकून राहिली. ज्या प्लाझ्मानं त्यांना आधी आव्हान दिलं, त्याचं उत्पादन पॅनासॉनिकनं २०१३ मध्येच आटोपतं घेतलं.

त्या काळी रिअर प्रोजेक्शन घेणारे चुकले होते असं म्हणता येणार नाही. पैशाच्या मानानं सर्वांत मोठं चित्र त्यांना मिळालं. मात्र त्या सेटच्या दोन खोडी आजही निवड करताना उपयोगी पडतात. पहिली नजरेच्या कोनाची. त्या पडद्याचा प्रकाश मुख्यतः समोर बसलेल्या माणसासाठी राखलेला असे. उभं राहिलं की चित्र मंद होई. आपल्या घरात टीव्ही एका उंचीवरून कुणीच पाहत नाही. मुलं सतरंजीवर असतात, आजोबा खुर्चीत, कुणी झोपाळ्यावर, कुणी हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. दुसरी खोडी डागाची. पडद्यावर एकाच जागी तासन्‌तास राहणारी आकृती ट्यूबमध्ये कायमची उमटे. आजच्या ओएलईडीला हा धोका पूर्ण चुकलेला नाही, आणि मराठी वृत्तवाहिन्यांच्या पडद्याचा खालचा भाग पट्ट्यांनी कसा व्यापलेला असतो ते वेगळं सांगायला नको. दिवसभर बातम्या लावणाऱ्या घरानं ओएलईडीच्या गडद काळ्या रंगावर भाळण्याआधी थोडं थांबावं. रात्री दोन तास चित्रपट पाहणाऱ्यांना तीच काळजी फारशी लागू नाही.

आता प्रोजेक्टरच्या बाजूनं. ६५ इंचांच्या पॅनेलचं चित्र सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच असतं. शंभर इंचांचं २२१ बाय १२५. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ २.४ पट. हा फरक कागदावरचा नाही. विश्वचषकाचा सामना दहा-बाराजणांनी मिळून पाहायचा असेल तर शंभर इंचांना तोड नाही. शिवाय पाचगणीच्या जुन्या बंगल्यांचे दिवाणखाने त्याला साजेसे आहेत. १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी हे गाव वसवायला घेतल्यानंतर जी घरं उभी राहिली, त्यांतल्या अनेकांना उंच छत आणि लांबट खोल्या आहेत. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसावं, हा रूढ ठोकताळा धरला, तर शंभर इंचांसाठी १३ फूट लागतात. ते तिथे मिळतात. पावसाळी दुपारचा अंधारही प्रोजेक्टरच्या पथ्यावर पडतो.

दुसरीकडे, बाजारपेठेजवळच्या नव्या इमारतींतल्या फ्लॅटमध्ये सोफ्यापासून भिंतीपर्यंत आठ-नऊ फूटही जेमतेम निघतात. तिथे ५५ किंवा ६५ इंचच योग्य. त्याहून मोठं चित्र पाहताना मान फिरवावी लागते.

वाहतूक आणि दुरुस्तीच्या मुद्द्यावर प्रोजेक्टरवाल्यांचं म्हणणं पॅनेलवाले सहसा नीट ऐकून घेत नाहीत. मोठं पॅनेल उभंच न्यावं लागतं, आडवं टाकलं तर काचेवर ताण येतो. आणि वाईहून पसरणीचा घाट चढून येणाऱ्या टेंपोत ते कसं ठेवलं होतं हे घरी खोकं उघडेपर्यंत कळत नाही. पुढे बिघाड झाला तर तंत्रज्ञानं वर यायचं, आणि काच तडकली असेल तर दुरुस्तीचा आकडा नव्या टीव्हीच्या आसपास जातो. प्रोजेक्टर पिशवीत घालून एसटीनं पुण्याला नेता येतो. मुंबई-पुण्याच्या ज्या कुटुंबांचे इथले बंगले पावसाळाभर कुलूपबंद असतात, त्यांच्यासाठी तर ही मोठीच सोय आहे. बंद घराच्या दमट हवेत चार महिने पॅनेल लटकत ठेवण्यापेक्षा प्रोजेक्टर आवरून सोबत नेलेला बरा. अशा घरांपुरता आमचा कौल सरळ प्रोजेक्टरला आहे.

बारमाही राहत्या घराचं गणित मात्र निराळं आहे. हवेबद्दल आधी न्याय्य बोलायला हवं. महाबळेश्वर इथून जेमतेम १८-१९ किलोमीटरवर, पण तिथल्या पावसाच्या मानानं पाचगणीचा पाऊस बराच कमी. इथल्या कोरड्या हवेमुळेच क्षयरुग्णांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभं राहिलं. वर्षातले आठ महिने कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूला ही हवा मानवते. उंचीचाही बाऊ नको. बहुतेक प्रोजेक्टरांच्या माहितीपुस्तिकेत विरळ हवेसाठीची वेगळी सोय १५०० मीटरच्या वर चालू करायला सांगितलेली असते, आणि पाचगणी १३०० मीटरच्या आत-बाहेर आहे. तथापि उरलेल्या चार महिन्यांत कपाटातल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते हे इथल्या छायाचित्रकारांना ठाऊक आहे, आणि प्रोजेक्टर म्हणजे शेवटी भिंगच; त्यातून आत हवा ओढणारा पंखा. धूळ आणि दमट हवा दोन्ही त्या वाटेनं आत जातात. पॅनेलला भिंग नाही, बहुतेकांना पंखाही नाही. ते रोज थोडा वेळ चालू राहिलं तरी स्वतःच्या ऊबेनं कोरडं राहतं. फक्त ते पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर लावू नये. जुन्या जांभ्याच्या भिंतीत ओल झिरपते आणि खिळ्यांची पकडही सैल होते. आतली भिंत निवडावी, मागे हवेला जागा सोडावी.

विजेचा मुद्दा याहून निर्णायक आहे. चेसनसाहेबांच्या काळापासून रुजलेले सिल्व्हर ओक गावाची शोभा आहेत, पण वादळात त्यांच्या फांद्या तारांवर येतात आणि महावितरणचे कर्मचारी भर पावसात त्या काढत फिरतात. दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा थंड व्हायला काही मिनिटं घेतो. वीज परतली तरी तो लगेच पेटत नाही. शेवटचं षटक चालू असताना ही मिनिटं फार लांब वाटतात. लेझर किंवा एलईडी प्रकाशाच्या यंत्रांना ही अडचण नाही, हे मान्य केलं पाहिजे.

लेझर टीव्हीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण जुन्या रिअर प्रोजेक्शनचा तो खरा वारस आहे. भिंतीपासून हातभर अंतरावर बसून तो शंभर इंचांचं चित्र वर फेकतो. मध्ये कुणाची सावली पडत नाही, छताला काही टांगावं लागत नाही. पण उजेडात चित्र चांगलं दिसावं म्हणून खास पडदा लागतो आणि जाहिरातीतल्या किमतीत तो अनेकदा धरलेला नसतो. शिवाय इतक्या जवळून, इतक्या तिरक्या कोनात चित्र फेकलं जातं की खालचं कपाट काही मिलिमीटर सरकलं तरी वरची कड वाकडी होते. रोज केर काढणाऱ्या, लादी पुसणाऱ्या घरात हे काही मिलिमीटर सांभाळायचे कुणी? शिस्तीच्या घरांना जमेल. सगळ्यांना जमेलच असं नाही.

राहत्या घरासाठी आमचा कल त्यामुळे पॅनेलकडे आहे. साध्या एलसीडी जातीचं, बाजूनं पाहिलं तरी रंग फार न उतरणारं, ५५ ते ६५ इंचांचं पॅनेल. ज्यांच्याकडे मोठा दिवाणखाना आणि हौस दोन्ही आहेत, त्यांनी प्रोजेक्टर जरूर घ्यावा, पण रोजचा टीव्ही म्हणून नव्हे; घरात एक पॅनेल असताना दुसरा पडदा म्हणून तो शोभतो. बंगला पर्यटकांना भाड्यानं देणाऱ्यांनी तर या वादात पडूच नये. दर शनिवार-रविवारी नव्या हातांत रिमोट जाणार असेल तर दोन खोल्यांत दोन मध्यम पॅनेल बरे.

एक हरकत इथे रास्तपणे घेतली जाईल. टीव्ही आठ-दहा वर्षांतून एकदा घेतला जातो. मग ६५ वर का थांबायचं, ८५ का नको? सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा वाचलेले पैसे आकारात घालण्याचा मोह साहजिक आहे. प्रोजेक्टरलाही तीच सवलत मिळाली असल्यानं करानं दोन्ही बाजूंत भेद केलेला नाही. जागा असेल आणि दारातून, जिन्यातून खोकं उभं आत येत असेल, तर ८५ इंच घेणाऱ्याला आम्ही उधळ्या म्हणणार नाही.

तरीही पाचगणीत त्या शेवटच्या वीस इंचांचे पैसे दुसरीकडे जास्त कामी येतात असं आम्हाला वाटतं. आधी अर्थिंग तपासून घ्यावं. बऱ्याच जुन्या घरांत ते नावालाच असतं. आजचे बहुतेक टीव्ही कमी-जास्त दाब बऱ्यापैकी सोसतात, स्टॅबिलायझरची पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. पण वळवाच्या विजांबरोबर तारेतून येणारा धक्का ते सोसत नाहीत. त्यासाठी सर्ज रोखणारा बोर्ड लागतो, आणि गडगडाट सुरू झाला की प्लगसोबत डिशची केबलही काढावी लागते, कारण धक्का त्या वाटेनंही येतो. मग इन्व्हर्टर. ६५ इंचांचं साधं पॅनेल दीडशे वॅटच्या आसपास वीज घेतं, घरगुती इन्व्हर्टरवर ते आरामात चालतं. दिव्याचा प्रोजेक्टर बहुधा त्याच्या दुप्पट खातो. आणि शेवटी सिग्नल. छपरावरची डिश ज्या लहरींवर चालते त्या जोरदार पावसात क्षीण होतात. टीव्ही कितीही भारी असला तरी पडद्यावर निळी पाटीच दिसते. तुमच्या गल्लीत फायबरची जोडणी मिळत असेल तर पावसाळ्यापुरती तरी ती घ्यावी.

जुना रिअर प्रोजेक्शन सेट अजून कुणाच्या दिवाणखान्यात किंवा अडगळीत असेल, तर त्याचाही निकाल लावावा लागेल. चालू असेल आणि आजोबांना त्याची सवय असेल, तर हट्टानं काढू नका. सुटे भाग मिळणं अवघड असल्यानं तो आपल्या वेळेनं थांबेलच. भंगारात देताना मात्र घरी खोलू नका. तीन ट्यूबच्या सेटमध्ये बंद केल्यावरही मोठा विद्युतदाब साठून राहू शकतो, ट्यूबभोवती थंडाव्याचा द्रव असतो आणि काचेत शिसं. अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच तो द्यावा. तोवर सेट गच्चीवर उन्हात टाकून ठेवू नये. त्याच्या पडद्यातला एक थर म्हणजे फ्रेनेल भिंग, दीड मीटरभर पसरलेलं. पडदा निघाला आणि मेच्या उन्हात त्याचा झोत एका जागी जमला, तर लाकूड पेट घ्यायला काही सेकंद पुरतात.