राग आला, म्हणून गुन्हा?

दिवाळीच्या अंकात चकल्या-करंज्यांचा खुसखुशीत मजकूर सोडून हा मास्तर मिरची कुठून घेऊन आला, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे! चिवड्यालाही मिरची लागतेच. शिवाय मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती या क्षणी घरोघर फराळाच्या ताटाशेजारीच पडलेली आहे. ती म्हणजे मोबाइल. आणि त्यावर कोणी काय लिहावे, हा माझा विषय.

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीतल्या एका पोराने मोबाइलवर ‘स्टेटस’ ठेवले : गावाच्या कमानीला पैसे मिळतात, मुलींच्या स्वच्छतागृहाला मिळत नाहीत. वाक्य एवढेच. दुसऱ्या दिवशी चार वजनदार मंडळी शाळेत येऊन बसली. मजकूर खोटा आहे, असे त्यांच्यापैकी एकही म्हणाला नाही. ‘गावाची बदनामी झाली,’ एवढेच सारे म्हणाले. माफीनामा द्यायचे ठरले. पोराचे हात थरथरत होते, म्हणून तो मीच लिहून दिला. अगदी सुवाच्य अक्षरात! ज्या हाताने कादंबऱ्या लिहिल्या, त्याच हाताने मी एका खऱ्या वाक्यावर बोळा फिरवला. हा लेख म्हणजे त्या कृत्याचे प्रायश्चित्त समजा.

आमच्या शाळेत जे घडले, तेच याहून भयंकर रूपात २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला घडले होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. बंद कशासाठी, असा सवाल एका तरुणीने फेसबुकवर केला. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसती पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली! लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती निराळीच. पुढे खटला टिकला नाही, पोलीस अधिकारी निलंबित झाले. पण त्या दोन घरांनी ज्या रात्री काढल्या, त्या कोण भरून देणार?

या अटकेला आधार झाले ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६ अ’ हे कलम. ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ असले सैल शब्द त्यात घातले होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची. अहो, त्रास कोणाला कशाने होत नाही? सुनेला सासूच्या बोलण्याने होतो, पुढाऱ्याला हिशेब विचारल्याने होतो! पालघरच्या प्रकारानंतर कायदा शिकणाऱ्या एका तरुणीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी. पहिल्या दोहोंना, ती कितीही अप्रिय असोत, मोकळीक हवी, असा त्या निकालाचा आशय होता. तरीही मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले. शेवटी २०२२ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. कायदा पुस्तकातून गेला, मनातून गेला नाही.

आम्हां नगरकरांना तर हे कोणी शिकवायला नको होते. १९१६ च्या मे-जूनमध्ये लोकमान्य टिळकांनी आमच्या या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, स्वराज्यावर दोन व्याख्याने दिली. ती दोन आणि बेळगावचे एक, अशा तीन व्याख्यानांबद्दल सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी सुटी वाक्ये उपटून पाहिली नाहीत. भाषणांचा एकंदर अर्थ व परिणाम पाहिला. परक्यांच्या अमलात हा विवेक होता. आणि आज? आज कोणी तरी एका वाक्याचा ‘स्क्रीनशॉट’ काढतो, मागचे-पुढचे कापतो, आणि जमाव पोलीस ठाण्यावर चालून जातो!

‘मास्तर, मग काहीही लिहू द्यायचे काय?’ असे विचाराल. मुळीच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे ती. ती अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. तिला भाषणस्वातंत्र्य म्हणणारा माणूस एक तर मूर्ख असेल, नाही तर लबाड. जिथे शब्दाने माणसाच्या जिवावर बेतते, तिथे कायद्याने कठोर झालेच पाहिजे. पण गंमत पाहा : अशी अफवा आपणच ‘सावध राहा’ म्हणून पंधरा जणांना पाठवितो आणि पोराचे खरे वाक्य मात्र पुसायला लावतो. विषाला वाट मोकळी आणि औषधाला बंदी!

खरा निरीक्षक दिल्ली-मुंबईत बसत नाही, वाचकहो; तो आपल्या ओसरीवर बसतो. ‘काढून टाक ते, उगाच कटकट नको,’ असे म्हणणारे बाबा, काका आणि मास्तर, हेच ते कार्यालय. म्हणून या दिवाळीत घरातल्या मुलामुलींनी काही बोचणारे लिहिले, तर आधी विचारा, हे खरे की खोटे? खोटे असेल तर पुराव्यानिशी उत्तर द्या. कोणावर हात उगारायला सांगत असेल तर थांबवा. नुसतेच बोचत असेल, तर सोसा. सोसण्याने कोणी मेलेले नाही.

ते पोर आता दहावीत आहे. निबंधात हल्ली गाइडातली वाक्ये लिहिते. गुण चांगले पडतात. तो माफीनामा अजून शाळेच्या फायलीत आहे. सुटीनंतर शाळा उघडली, की पहिल्या दिवशी तो मागून घेणार आहे आणि त्याच्या हाती देणार आहे. फाडायचा की जपायचा, ते त्याने ठरवावे. आणि ती मंडळी पुन्हा आली, तर या खेपेस मी त्यांना एवढेच विचारीन : स्वच्छतागृहाचे काय झाले?