जिथे पहिला क्रमांक नसतो

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात कॅनडातील शेकडो गावांतून एक दौड निघते. तीत पहिला क्रमांक नसतो, दुसराही नसतो. वेळ मोजली जात नाही, कोणी कोणाला हरवीत नाही. बाबागाडी ढकलणारी माता, काठी टेकीत निघालेले आजोबा, शाळकरी मुले, कर्करोगातून उठलेले रुग्ण असे सारे आपापल्या गतीने चालतात, धावतात आणि यथाशक्ती निधी देतात. टेरी फॉक्स या तरुणाच्या स्मरणार्थ १९८१पासून चाललेल्या या उपक्रमातून आजवर कर्करोग संशोधनासाठी ८० कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आहे. जगातील अनेक देशांत ही दौड निघते. मुंबईतही ती झालेली आहे.

‘फन रन’ हा शब्द आपल्याकडे आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. रविवारच्या पहाटे रंगीत टी-शर्ट, मोठ्या आवाजातील गाणी आणि छायाचित्रे! पाश्चात्त्यांचे आणखी एक खूळ म्हणून त्याकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु ज्या दौडीपासून स्फूर्ती घ्यावी, तिचा उगम मौजेत नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

१९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचार घेताना त्याला एक गोष्ट कळली. त्याच्या वाचण्याची शक्यता डॉक्टरांच्या मते सुमारे ५० टक्के होती. दोनच वर्षांपूर्वी ती केवळ १५ टक्के धरली गेली असती. हा फरक कोणत्याही चमत्काराने पडलेला नव्हता. तो संशोधनाने पडला होता, आणि संशोधनाला पैसा लागतो. रुग्णालयात आसपासच्या खाटांवरील वेदना त्याने पाहिल्या होत्या. त्यातून त्याने संकल्प केला तो देश पायी ओलांडण्याचा. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडविला आणि धावावयास प्रारंभ केला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! वारा, बर्फ, पाऊस, कृत्रिम पायाच्या घर्षणाने रक्तबंबाळ होणारा मांडीचा उरलेला भाग, आणि सुरुवातीचे कित्येक दिवस लोकांची उदासीनता. पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने मात्र दहा हजार डॉलर जमवून दिले. पुढे टेरीचे मागणेही तेच झाले : प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे या शहराजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. माणशी एक डॉलर हे लक्ष्य १९८१च्या फेब्रुवारीत पूर्ण झाले. जूनमध्ये, तेविसावा वाढदिवस अवघ्या एका महिन्यावर असताना, टेरी गेला. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला पहिली स्मृतिदौड निघाली. ७६० ठिकाणी मिळून तीन लाख लोक तीत उतरले आणि ३५ लाख डॉलर जमले.

या दौडीची कल्पना इसाडोर शार्प या उद्योजकाने टेरीच्या हयातीतच मांडली होती. शार्प यांचा तरुण मुलगा कर्करोगानेच गेला होता. टेरीने ती मान्य केली. पण दौडीत स्पर्धा नसावी, विजेता नसावा, ही त्याची अट होती. आपल्या नावावर कोणी माल विकावा हे त्याला मान्य नव्हते. त्याच्या पश्चात त्याच्या आईने, बेट्टी फॉक्स यांनी, २०११ मध्ये देहावसान होईपर्यंत या अटींची राखण केली. गावोगावच्या शाळांत जाऊन त्या मुलांशी बोलत राहिल्या. पुत्रशोक गिळून तीस वर्षे हे करणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या घराघरांतील मातांना सहज येईल.

स्मृतीचे समाजकार्यात रूपांतर करणे आपल्याला नवे नाही. घाट, धर्मशाळा, पाणपोया, विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांची देणगी ही आपली जुनी रीत. मुंबईत परळला उभे असलेले टाटा स्मारक रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती सर दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि काही आठवड्यांतच तेही निवर्तले. त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी रुग्णालय सुरू केले. जाता जाता एक आठवण द्यावीशी वाटते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून प्रभावित झालेले, आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू धाडण्यात पुढाकार घेणारे ते हेच दोराबजी. फडेप्पा चौगुले यांनी तेथे मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला होता. धावणे आणि स्मृती यांचा धागा आपल्याच मातीत असा जुना आहे.

प्रश्न आहे तो आजच्या दौडींचा. एखाद्या वसाहतीतील तरुण अपघातात वा आजाराने जातो. मित्रमंडळी त्याच्या नावाने दौड भरवितात. पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी असते. दुसऱ्या वर्षी प्रायोजक येतो. तिसऱ्या वर्षी कमानीवर प्रायोजकाचे नाव मोठे होते आणि गेलेल्याचे छायाचित्र कोपऱ्यात जाते. व्यासपीठावर सत्कार तासभर चालतात, लहान मुले उन्हात ताटकळतात. चषक, ध्वनिक्षेपक आणि टी-शर्ट यांचा खर्च वजा जाता ज्या कार्यासाठी हे सारे केले त्याच्या वाट्याला किती आले, हे विचारणारा मग विघ्नसंतोषी ठरतो! वास्तविक तो प्रश्न सर्वांत आधी गेलेल्याच्या आप्तांनी विचारला पाहिजे. कारण पणाला लागते ते त्यांच्या माणसाचे नाव.

प्रायोजकाचा पैसा अस्पृश्य आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन त्याविना होणार नाहीत, आणि त्यांतूनही अनेक सेवाभावी संस्थांना निधी मिळतो. पण वसाहतीच्या स्मृतिदौडीला मॅरेथॉनचा थाट हवा कशाला? रस्त्यावर चुन्याच्या खुणा, दोन ठिकाणी पाण्याचे माठ, रुग्णवाहिकेची व्यवस्था, पोलिसांची परवानगी आणि पावतीपुस्तक घेऊन बसलेले चार कार्यकर्ते एवढ्यावर ती होते. गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या अहवालांत पाच रुपये वर्गणी देणाऱ्याचेही नाव छापलेले असे आणि शेवटच्या पानावर जमाखर्च असे. तीच पद्धत येथे का नसावी? दौडीनंतर पंधरा दिवसांच्या आत वसाहतीच्या फलकावर हिशेब लागावा : जमा इतके, खर्च इतका, रुग्णालयाला दिले इतके, आणि त्याखाली रुग्णालयाच्या पावतीची प्रत.