शब्दांच्या गोष्टी : 'फॉन्ड'

या वेळचा शब्द मला जरा महागात पडला, म्हणून आधी तो किस्सा.

इंग्लंडच्या क्लायंटला मी मेल पाठवला, 'काम ३१ मार्चपर्यंत पूर्ण होईल, अशी आमची फॉन्ड होप आहे.' फॉन्ड म्हणजे प्रेमळ, तेव्हा फॉन्ड होप म्हणजे मनापासूनची आशा, असा माझा हिशेब. दहा मिनिटांत फोन आला, "तुम्हालाच भरवसा नसेल, तर तारीख देता कशाला?"

फॉन्ड होप म्हणजे भाबडी, बहुधा पुरी न होणारी आशा! असं कसं? तर मध्ययुगीन इंग्रजीत 'फॉन' म्हणजे खुळा माणूस आणि फॉन्ड म्हणजे खुळावलेला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये म्हातारा राजा स्वतःला फॉन्ड म्हणवतो, ते खुळा याच अर्थाने. पुढे खुळेपणातून अति लाड आणि लाडातून माया, असा अर्थ सरकत गेला. 'होप'ला मात्र जुना खुळेपणा चिकटून राहिला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आपणही 'वेडी माया' म्हणतोच की! 'वेडं गं माझं बाळ' म्हणणारी आजी नातवाच्या अकलेबद्दल बोलत नसते.

आता वापर. 'आय अ‍ॅम फॉन्ड ऑफ माय आत्या' यात 'ऑफ' हवाच, 'टू' किंवा 'विथ' नाही. पुढे क्रिया आली तर 'फॉन्ड ऑफ रीडिंग', 'फॉन्ड टू रीड' नव्हे. 'फॉन्ड मेमरीज' म्हणजे जिव्हाळ्याच्या आठवणी. 'लव्ह'पेक्षा हा शब्द सौम्य, सहवासातून मुरलेल्या मायेचा. त्यामुळे आत्याला चालेल, पण लग्नाच्या वाढदिवशी बायकोला एवढ्यावर भागवू नका!

क्लायंटची मी माफी मागितली, नवी तारीख दिली आणि ती पाळली. पण तेव्हापासून एक गोष्ट टोचत होती. नोकरीसाठी मी पुण्यात, आई बडोद्याला. दर दिवाळीला मी फोनवर म्हणतो, "यंदा जमवायचा प्रयत्न करतो." ती चकलीची भाजणी करून ठेवते. गेली दोन वर्षं ती चकली कुरियरने आली.

भाबडी आशा म्हणजे काय, हे शब्दकोशाआधी आईकडूनच कळायला हवं होतं. या वेळी तिला तारीख सांगितली आहे. तिकीटही काढलं आहे.