मागाचा सुटा भाग कोणाच्या हाती?

दुधनी ही अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेली बाजारपेठ. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत तेथे तुरीचा भाव ठरतो. अशा गावात पाण्याच्या पंपाचा वायसर किंवा ट्रॅक्टरचा बोल्ट मिळण्यास अडचण पडत नाही; त्यामागे शेकडो शेतकऱ्यांची मागणी उभी असते. आता समजा, याच गावात कुणी सोलापुरातून एक जुना माग आणून मांडला आणि टॉवेलाऐवजी विरळ विणीचे कापड काढण्याचे ठरविले. त्यासाठी त्याला एक दातेरी चाक, वहीच्या मूठभर तारा आणि अर्ध्या इंचाहूनही लहान असे चार स्क्रू हवेत. ही यादी हातात घेऊन तो दुधनीच्या बाजारात फिरला, तर "सोलापूरला जा" यापलीकडे त्याच्या पदरी काही पडण्याचा संभव कमी.

वरवर पाहता ही यादी क्षुल्लक आहे. परंतु मागाचे सारे स्वातंत्र्य तिच्यात सामावलेले असते. यंत्रमागावर कापड गुंडाळणाऱ्या तुळईला दातेरी चाकांची एक साखळी फिरवीत असते; त्या साखळीतील एक चाक बदलण्याजोगे असते. त्या चाकाला दाते किती, यावर इंचामागे बाण्याचे धागे किती पडावयाचे हे ठरते. ते चाक मिळाले नाही तर मालकी विणकराची असूनही माग कालचेच कापड विणीत राहतो. वहीचेही तसेच. ताण्याचा प्रत्येक धागा वहीच्या तारेतील एका डोळ्यातून ओवलेला असतो. साध्या विणीला दोन वह्या पुरतात. नक्षी हवी तर डॉबी लागते, आणि सोलापुरी चादरीवरील मोठी नक्षी उठविण्यासाठी शेकडो हुकांचे जेकार्ड चढवावे लागते. म्हणजे मागाच्या प्रत्येक वाढत्या क्षमतेबरोबर बोटाच्या पेराएवढ्या वस्तूंची संख्या वाढत जाते. विणकराची कल्पकता कितीही झेपावली, तरी ती अखेर या वस्तूंच्या दुकानदाराच्या खणापाशी येऊन थांबते.

त्यात आट्यांचा घोळ आहे. महाराष्ट्रातील यंत्रमागांची परंपरा १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत आणलेल्या मागापासून सांगितली जाते. पुढे गिरण्यांनी काढून टाकलेले माग मोठ्या प्रमाणावर लहान कारखानदारांच्या हाती आले. मूळ लँकेशायरच्या घडणीच्या मागांचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, ५५ अंशांच्या कोनाचे असत. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा. डोळ्यांना दोन्ही स्क्रू सारखेच दिसतात. चुकीचा स्क्रू दोन वेढे बसतोही, मग अडतो. बळजबरी केली की ओतीव लोखंडातील भोकाचे आटे कायमचे झडतात. एका चुकीच्या स्क्रूपायी सारी पट्टीच बाद करावी लागते, हे कोणत्याही जॉबरला विचारावे.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत स्क्रूची किंमत म्हणजे दुकानातील किंमत. विणकराच्या संसारात ती निराळी असते. समजा, भाग दहा रुपयांचा आहे. तो आणण्यासाठी दिवस मोडला, पाचशे रुपयांचा रोज बुडाला आणि गाडीभाडे वेगळे पडले, तर त्या भागाची खरी किंमत पाचशेच्या वर गेली. शिवाय वहीच्या तारा आणि ताणा तुटताच माग थांबविणाऱ्या ड्रॉपपिना व्यापारात हजारांच्या हिशेबाने विकल्या जातात. ज्याचे शंभर माग आहेत त्याला हजारांचा डबा स्वस्त पडतो. ज्याचे दोन आहेत त्याला त्याच डब्यात भांडवल कुजवावे लागते. मोठ्या उत्पादनाचा लाभ म्हणून जो गौरविला जातो, त्यातील बराचसा वाटा अशा डब्यांच्या आकाराचा असतो. यंत्राच्या श्रेष्ठतेचा नसतो.

गिरणी चालू असताना तिचे स्वतःचे दुरुस्तीखाते असे. तेथे लेथ असे, फिटर असे, आणि भाग मिळाला नाही तर घडविला जाई. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगारांच्या देण्यांसाठी लढे झाले, ते रास्तच होते. परंतु त्या खात्यांबरोबर गावातील घडणीचे ज्ञानही पांगले, ही हानी कोणत्याही ताळेबंदात दाखविली गेली नाही.

सरकारला हा प्रश्न अगदीच उमगला नाही असे म्हणता येणार नाही. २०१७ साली सुरू झालेल्या 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत साध्या यंत्रमागांची जागच्या जागी सुधारणा करण्याची तरतूद होती. ताणा किंवा बाणा तुटताच माग थांबविणारी जोडणी, डॉबी, जेकार्ड इत्यादींच्या खर्चापैकी सर्वसाधारण गटाला ५०, अनुसूचित जातींना ७५ आणि अनुसूचित जमातींना ९० टक्के अनुदान ठरले होते. दिशा योग्य होती. मात्र अनुदान मिळते ते संचाला. संच बसल्यावर वर्षभराने त्यातील वीस ड्रॉपपिना वाकल्या, तर त्या वीसच पिना कोठे मिळणार, या प्रश्नाला योजनेच्या कागदात स्थान नसते.

हा प्रश्न ज्याला नेमका दिसला होता असा एक दस्तऐवज आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने गांधीजींच्या प्रेरणेने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरख्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी आणि तो वीस वर्षे चालावा, अशा अटी होत्या. आणि त्याबरोबरच झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, अशीही अट होती. बक्षीस कुणालाच मिळाले नाही, म्हणून त्या अटींची थट्टा झाली. परंतु सुट्या भागाला यंत्राच्या व्याख्येतच स्थान देणारी ती अट आजच्या कोणत्याही अनुदान योजनेहून प्रगल्भ होती. पुढे डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. त्याचीही चर्चा यंत्राच्या आकाराभोवतीच अधिक फिरली; त्याच्या दुरुस्तीकडे फारसे कुणी वळले नाही.

तेलंगणातील आलेर येथील चिंतकिंदी मल्लेशम यांचे उदाहरण अलीकडचे आहे. पोचमपल्ली साडीसाठी 'आसू'वर धागा गुंडाळताना आईचा हात दिवसभरात हजारो वेळा पुढेमागे होई व खांदा दुखे. ते पाहून या अल्पशिक्षित विणकरपुत्राने काही वर्षे खटपट करून १९९९ साली 'लक्ष्मी आसू' यंत्र सिद्ध केले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सत्कारांत त्यांच्या जिद्दीचे वर्णन होते. मात्र आलेरमध्ये राहून काम पुरे होईना म्हणून त्यांना हैदराबाद गाठावे लागले, वायरमनची कामे करून पोट भरावे लागले आणि बचतीतून एकेक भाग घ्यावा लागला, याचा अर्थ फारसा कुणी लावीत नाही. ती वर्षे एकट्या बुद्धीची नव्हेत, बाजारपेठेच्या अंतराचीही आहेत.

येथे कायद्याचीही एक मेख आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यानुसार यंत्रमाग नसलेला माग तो हातमाग. म्हणजे श्रम हलके व्हावेत म्हणून विणकराने मागाला लहानशी मोटर जोडली, की त्याच्या मालाचे संरक्षण जाते. आसू-यंत्र मागाच्या आधीच्या कामाला लावलेले असल्याने त्याला ही अडचण येत नाही. मागावरच्या सुधारणेला मात्र स्क्रूइतकाच वकीलही लागतो. व्याख्या सैल करून गिरणीमालाला हातमागाचे शिक्के मिळू नयेत, हे खरे. परंतु विणकराच्या खांद्याचे दुखणे हेच हातमागाचे लक्षण ठरविणेही न्यायाचे नाही.

विणकर सहकारी संस्था सूत पुरवितात, कापड उचलतात. त्यांनी आता सुट्या भागांचे कोठारही चालवावयास हवे. त्यात एक नग विकण्याची सोय असावी. व्हिटवर्थ आणि मेट्रिक स्क्रू वेगळ्या खणांत असावेत. भिंतीवर बदल-चाकांचे नमुने दात्यांच्या संख्येसह टांगलेले असावेत. आणि जो भाग बाजारात नाही त्याचे मापांसह रेखाचित्र असावे, म्हणजे तालुक्याचा लेथवालाही तो घडवू शकेल. गिरणीत काम केलेले जे फिटर आज घरी बसून आहेत, त्यांच्याकडून ही रेखाचित्रे काढून घेण्यास फार वर्षे उरलेली नाहीत. सोलापुरातील कार्यकर्त्यांनी त्यांची घरे आताच गाठावीत, आणि जाताना एक वही व एक व्हर्नियर कॅलिपर बरोबर न्यावा.