बाटलीतले पाणी आणि सार्वजनिक नळ

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी या वस्त्यांत जीबीएस या मज्जातंतूंच्या दुर्धर विकाराने अकस्मात डोके वर काढले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली, तेव्हा तेथील अनेक कुटुंबांनी नळाकडे पाठ फिरवून जारची आणि बाटल्यांची वाट धरली, हे सर्वथा स्वाभाविकच होते. परंतु महापालिकेने त्याच परिसरातील खासगी आरओ केंद्रांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील अनेकांचे पाणीही पिण्यास अयोग्य ठरले आणि ती केंद्रे बंद करण्याची वेळ आली. ज्या भयापोटी माणूस नळ सोडतो, ते भय दाम मोजूनही त्याचा पिच्छा सोडीत नाही.

सीलबंद बाटलीची प्रतिष्ठा जारपेक्षा मोठी असली, तरी तिचा इतिहासही निष्कलंक नाही. २००३च्या फेब्रुवारीत 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या दिल्लीच्या संस्थेने दिल्ली व मुंबई परिसरात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन यांसारख्या कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. कारण कारखाने ज्या भूगर्भातून पाणी उपसत होते, त्याच भूगर्भात शेतांवर फवारलेले विष मुरत होते. त्या गदारोळानंतरच मानके कठोर झाली आणि १ जानेवारी २००४ पासून लिटरमागे एकेका कीटकनाशकाची मर्यादा ०.०००१ मिलिग्रॅमवर आली. २००१ पासून असलेली आयएसआय चिन्हाची सक्ती २०२४च्या ऑक्टोबरात उठली. पुढच्याच महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी अतिजोखमीच्या खाद्यपदार्थांच्या वर्गात समाविष्ट करून वार्षिक तपासणीची तजवीज केली. तजवीज स्वागतार्हच आहे. मात्र तिचे निष्कर्ष जोवर कारखान्यागणिक जाहीर होत नाहीत, तोवर ग्राहकाच्या हाती झाकणावरील सीलखेरीज दुसरा कोणताही दाखला नाही.

आणि पाणी निर्दोष असले, तरी ते ज्या पात्रात भरले जाते त्याचे काय? पेट प्लास्टिक तयार करताना अँटिमनीचे संयुग वापरतात, आणि उष्णतेने त्याचा अंश पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात पानटपरीबाहेर रचलेल्या बाटल्यांच्या खोक्यांकडे पाहिले की ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहत नाही. २०२४ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरात सरासरी सुमारे २,४०,००० प्लास्टिककण आढळले, आणि त्यांतील बहुतांश अतिसूक्ष्म होते. ते देहात जाऊन नेमके काय करतात, याचा निर्णय शास्त्राने अजून दिलेला नाही; परंतु तो निर्णय येईपर्यंत लहान मुलांना हे पाणी निश्चिंतपणे पाजीत राहावे, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही.

आरोग्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी कचऱ्याचा उरतोच. लग्नाच्या मांडवात ताटाशेजारी ठेवलेली २०० मिलिलिटरची बाटली पाहावी: पाहुणा दोन घोट घेतो, हात धुण्यास उठतो, परत येतो तो आपली बाटली कोणती हे न उमगून दुसरी उघडतो, आणि पंगत उठल्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्या खरकट्यासह एकाच पिशवीत जातात. २०१८च्या मार्चमध्ये राज्य शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तीत बाटली परत करणाऱ्यास पैसे देण्याची कल्पना होती. ती तडीस गेली असती, तर कचरावेचक बायांच्या पदरी चार पैसे अधिक पडले असते आणि नाल्यांची तोंडेही मोकळी राहिली असती. सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून प्लास्टिकच्या बाटलीतल्या पाण्यावर बंदी घातली. एवढ्याशा डोंगरी राज्याला जे धाडस झाले, त्याचा आरंभ आपण निदान मंगल कार्यालयांपासून का करू नये?

बाटली घेणाऱ्या प्रवाशाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. तानसा, वैतरणा, भातसा येथून आणलेले व शुद्ध केलेले पाणी मुंबईतील घरांना हजार लिटरला दहा रुपयांच्या आत मिळते, आणि त्याच शहरात तहानलेला वाटसरू एका लिटरला वीसएक रुपये मोजतो. ही तफावत पाण्याच्या टंचाईतून आलेली नाही, सार्वजनिक नळाची निगा राखण्याच्या कर्तव्यात झालेल्या कसुरीतून आलेली आहे. एसटी महामंडळाने २०२० साली 'नाथजल' या नावाने बाटल्या आणल्या, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु रामेश्वरासाठी वाहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी ओतणाऱ्या एकनाथांचे नाव जेथे घेतले जाते, तेथे खिशात पैसे नसलेल्या प्रवाशासाठी स्वच्छ नळ वाहता असणे हे महामंडळाचे पहिले कर्तव्य ठरते. प्रत्येक स्थानकात, बाजारात आणि सरकारी कचेरीत असा नळ असावा. टाकी केव्हा धुतली, नमुना केव्हा तपासला, निष्कर्ष काय आला आणि जबाबदार अंमलदार कोण, हे तेथेच भिंतीवर लिहिलेले असावे. आणि नमुना नापास ठरल्यास नळ बंद करून दुरुस्तीची मुदतही त्याच फलकावर नोंदवली जावी.