भाच्याची मोटार आणि रविवारचा हिशेब

गेल्या पौर्णिमेला आम्ही मळवलीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. वंदना झाली, जेवणे आटोपली, आणि भाच्याने हळूच मोबाइल आमच्या हातात दिला. "मामा, ही बघा, कशी वाटते?" आम्हाला वाटले, मुलगी पसंत केली पोराने. चष्मा लावून पाहतो तर मोटार! फिकट निळी, दोन दारांची, गोल डोळ्यांची. स्टँडर्ड हेराल्ड. म्हणजे तिचा जन्म 1960 नंतरच्या दशकातला, मद्रासच्या कारखान्यातला. भाच्याचा जन्म 1996 चा.

भाचा तळेगावच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. रोज दुचाकीने जातो-येतो. त्याला कामावर जायला मोटार नको आहे. त्याला ती हवी आहे शनिवार-रविवारसाठी, नुसती चालवायला. "स्पोर्ट कार घ्यायची होती मामा," तो सांगू लागला. आपल्या देशात 1998 साली सॅन स्टॉर्म नावाची छोटी स्पोर्ट कार निघाली होती. फायबरच्या बॉडीची, रेनोच्या इंजिनाची. पण ती फार थोडी निघाली, आणि विकायला असलेली एकही त्याला सापडली नाही. विलायतेची ट्रायम्फ स्पिटफायर त्याच्या आवाक्याबाहेर. पण स्पिटफायर ज्या सांगाड्यावर बेतली तो सांगाडा मूळ हेराल्डचाच, थोडा आखूड केलेला. तेव्हा ही खऱ्या स्पोर्ट कारची थोरली बहीण, असे त्याचे म्हणणे. पुढचे अख्खे बॉनेट मडगार्डांसह पुढच्या बाजूला उघडते, आणि एवढ्याशा जागेत ती वळते, हे सांगताना त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते.

किंमत साडेसहा लाख. जवळ शिल्लक दोन लाख ऐंशी हजार. उरलेले कर्ज.

आता खरे सांगायचे तर आमच्या मनात पहिल्यांदा आला तो राग. वस्तीत अभ्यासिकेला छप्पर नाही, दोन मुलींची फी अडली आहे, आणि हा साठ वर्षांची मोटार घेणार, तीसुद्धा हौसेला! आम्ही तसे बोललोही. भाचा गप्प बसला. बहीण मात्र भांडी आवरता आवरता म्हणाली, "दादा, मागच्या वर्षी तुझ्या चुलतभावाच्या पोराच्या लग्नात पाच लाख उडाले. बँडच्या पुढं तूच नाचत होतास. तवा नाही आठवली अभ्यासिका?"

वाचकहो, याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. लग्नाचा खर्च आपण 'करावाच लागतो' म्हणून करतो, आणि एकट्या माणसाच्या हौसेला मात्र समाजाचा हिशेब मागतो. आपल्या चळवळीत ही एक खोड आहे. बाबासाहेबांना पुस्तकांची हौस होती, चांगल्या पेनांची होती, उत्तम कपड्यांची होती. व्हायोलिनही ते शिकले. त्यांच्या हौसेबद्दल आपण कौतुकाने बोलतो आणि घरातल्या पोराच्या हौसेवर कपाळाला आठ्या घालतो. पोराची बरोबरी बाबासाहेबांशी करायची नाही. पण हौस म्हणजे पाप, असे ना बाबासाहेबांनी सांगितले, ना तथागतांनी.

तथागतांनी तर अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. प्रामाणिकपणे मिळवलेले धन जवळ असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष वागणुकीचे सुख. भोगसुख यात दुसऱ्या क्रमांकावर आहे, वगळलेले नाही. पण त्याच्या लगेच पुढे ऋण नसण्याचे सुख बसवले आहे, आणि आम्हा कारकून माणसाचे लक्ष तिथे अडकले. सिगाल नावाच्या तरुणाला दिलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. त्याच उपदेशात धन नासण्याच्या सहा वाटा आहेत, त्यांत अवेळी रस्त्यांवर भटकणे ही एक आहे. भाच्याने ती लगेच पकडली. "मामा, मी सकाळी सातला निघणार, ती अवेळ नव्हे!"

मग आम्ही कागद-पेन्सिल घेतली. बी.कॉम. कधी नाही ते घरात उपयोगी पडले. तीन लाख सत्तर हजारांचे वैयक्तिक कर्ज, तेरा टक्क्यांनी, चार वर्षांचे. हप्ता महिना 9,900 च्या थोडा वर. नुसते व्याज एक लाख सहा हजारांच्या आसपास. आता रविवार मोजू. वर्षात बावन्न. मावळातल्या पावसाचे चार महिने सोडा, कारण या पत्र्याला पाऊस लागला की गंज खातो. लग्ने, जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, मयती, कारखान्यातला ओव्हरटाइम, गाडी गॅरेजमध्ये असलेले दिवस सोडा. वीस रविवार उरले तर नशीब. म्हणजे एका रविवारच्या फेरीला कर्जफेडीचेच 5,950 च्या आसपास रुपये पडतात. पेट्रोल, विमा आणि मिस्त्री वेगळे.

पेट्रोलवरून आठवले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्या काळच्या मोटारीतले रबरी पाइप आणि वॉशर या मिश्रणासाठी केलेले नव्हते; ते नरम पडतात, चिरतात. ते सगळे बदलून घ्यावे लागतात. शिवाय ब्रेक जुन्या ड्रमचे. आणि या मोटारीच्या मागच्या चाकांची रचना अशी, की जोरात वळण घेतले तर मागचे चाक आत मुडपते. खंडाळ्याच्या घाटात ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापुरतीच राहावी. भाच्याला हे सगळे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते, त्याने लपवले नाही, म्हणून आमचा राग बराच उतरला.

खरी मेख निघाली ती कायद्यात. केंद्र सरकारने 2021 च्या जुलैत जुन्या मोटारींसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली बिगरव्यापारी मोटार 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, फेरनोंदणीला 5,000. ऐकायला छान. पण अशी मोटार रस्त्यावर नेहमीच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. दर रविवारी कामशेतला चहा प्यायला जाणे यात बसत नाही! तसे करायचे तर साध्या मोटारीसारखीच नोंद चालू ठेवायची, दर पाच वर्षांनी फिटनेस करून घ्यायचे, पर्यावरण कर भरायचा. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीचे नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क 2025 च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांवर नेले आहे. विकणारे गृहस्थ 'विंटेज करून देतो, किंमत वाढेल' असे सांगत होते. किंमत वाढेल, पण मोटार शेडमध्ये बसेल. जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी ही एक गोष्ट आधी विचारावी: नोंद कोणत्या प्रकारची आहे आणि तिची मुदत कधी संपते.

'मूळ स्वरूप' या शब्दावर भाचा आणि आम्ही बराच वेळ हुज्जत घातली. इंजिन दुरुस्त केलेले, पाइप नवे, सीट नव्या, रंग नवा, मग मूळ काय राहिले? भंते नागसेनांनी मिलिंद राजाला हेच विचारले होते. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा नाही नाही म्हणत गेला. परिवहन कार्यालयात मिलिंद राजा चालत नाही, तिथे चासी नंबर जुळावा लागतो, असे भाचा म्हणाला, आणि बहिणीसकट सगळे हसलो.

संध्याकाळी भाच्याला घेऊन आम्ही भाज्याच्या लेण्यांकडे निघालो. स्टेशनवरून जाताना द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. पुलावर उभे राहिले की खालून मोटारी सुसाट जाताना दिसतात. आमच्या लहानपणी हा रस्ता नव्हता, तो 2002 साली पुरा झाला. त्याआधी जुन्या रस्त्यावर, कार्ला फाट्याला उभे राहून आम्ही मुंबईच्या मोटारी मोजायचो. त्यांतल्या एकाही मोटारीत आपल्यातला माणूस बसलेला आम्ही पाहिला नाही. असेलही कोणी, आम्हाला ओळखू आला नसेल. मोटारवाल्यांचे सामान डोक्यावर घेऊन कार्ल्याच्या पायऱ्या चढणारे मात्र ओळखीचे असत. आमचे वडील त्यांत होते.

पुलावर भाच्याला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. त्याने वाचल्या होत्या, पण अशा जोडून वाचल्या नव्हत्या. 1901 साली बाबासाहेब भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे निघाले, मसूर स्टेशनला उतरले. महाराची पोरे म्हटल्यावर एकही बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, बैल पोरांनीच हाकायचे, गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. पुढे 1929 साली धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. तोवर ते बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद. तरी टांगेवाला त्यांना वस्तीत न्यायला तयार नाही. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्या माणसाने लगाम धरले. त्याला सवय नव्हती. पुलावर घोडा उधळला, टांग्याचे चाक दगडावर आदळले, आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. त्या बिचाऱ्याचा दोष काय? त्याच्या हातात लगाम कधी येऊच दिले नव्हते.

भाचा बराच वेळ खालच्या मोटारी पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणून तर मला चालवायची आहे, मामा." हे तो आधी बोलला असता तर आम्ही सकाळी एवढे फटकारले नसते.

भाज्याच्या विहारात ओवरीच्या भिंतीवर चार घोड्यांचा रथ कोरलेला आहे. रथात हाकणारा पुरुष, दोन्हीकडे दोन स्त्रिया. हा सूर्य की आणखी कोणी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. समोरच्या डोंगरात, कार्ल्याच्या चैत्यात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत. तिथल्या शिलालेखांत वैजयंतीच्या श्रेष्ठी भूतपालाचे नाव आहे, तसे धेनुकाकटच्या सामि सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचेही आहे. कष्टाच्या कमाईतून या लोकांनी दार घडवले. रविवारी हजारो माणसे एकवीरेला जाऊन परत फिरतात, त्यांतली किती जण हे वाचतात कोण जाणे.

दुसऱ्या रविवारी मोटार पाहायला गेलो. विकणारे गृहस्थ कार्ला फाट्यावर घेऊन आले. भाच्याबरोबर त्याच्या ओळखीचे मिस्त्री होते. त्यांनी मॅट उचलली, खाली वाकून स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिले, आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा आत गेला. वरून रंग, खाली गंज. गृहस्थांनी तिथल्या तिथे पन्नास हजार कमी केले. मिस्त्री भाच्याला बाजूला घेऊन म्हणाले, सांगाडाही तपासावा लागेल, मी आज हो म्हणणार नाही.

तरी एक फेरी मारू द्या, असे भाच्याने विचारले. गृहस्थ मागे बसले. पुढे भाच्याच्या शेजारी बसायला आम्ही निघालो तर बहिणीने आमचा हात धरला. "दादा, तू थांब. पुढं मी बसते." ती पन्नाशीला आली आहे. एसटीत, टमटममध्ये, लोकलमध्ये बसली. मोटारीत बसली ती मागच्या सीटवर, लग्नाच्या वऱ्हाडात, मांडीवर कुणाचे तरी मूल घेऊन. पदर खोचून ती पुढे बसली. मोटार जुन्या रस्त्याने कामशेतच्या दिशेने गेली. आम्ही आणि मिस्त्री फाट्यावर चहा पीत उभे राहिलो.

अर्ध्या तासाने परत आली. बहिणीचे केस पार विस्कटले होते. ती बोलली काही नाही. भाच्याने उतरून किल्ली गृहस्थांना परत दिली, नमस्कार केला, आणि कळवतो म्हणाला. रात्री त्याने नाही असे कळवले. कर्ज काढायचे नाही, असे त्याने स्वतःच ठरवले. आम्ही पुन्हा विषय काढला नव्हता. दोन लाख ऐंशी हजारांना त्याने हात लावलेला नाही. महिना सहा हजारांचे आवर्ती ठेव खाते उघडले आहे. पुढची मोटार पाहताना आधी सांगाडा, मग कागद, मग रंग, असा क्रम त्याने वहीत लिहून ठेवला आहे.

परवा बहिणीचा फोन आला. अभ्यासिकेच्या पत्र्यांसाठी भाच्याने दहा हजार दिले, ते सांगायला. फोन ठेवता ठेवता तिने विचारले, "दादा, तो मिस्त्री म्हणत होता, पुण्यात आणखी एक हाय म्हणं तसलीच. तांबडी. तिचा पत्रा कसा हाय, इचारलंस का?"